झोपण्यापूर्वीचा अर्धा कप



वस्तीत रक्तदाब तपासायला बसलो की एक प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतो. "ताई, रात्री झोपच लागत नाही. एखादी गोळी द्या ना." विचारणाऱ्या बहुतेक बायाच असतात. पुरुष सहसा विचारत नाहीत. त्यांच्यातल्या काहींनी आपले औषध आधीच शोधलेले असते. "दिवसभर अंग मोडून काम करतो, थोडी घेतल्याशिवाय डोळा लागत नाही," हे वाक्य आम्ही अनेक घरांच्या उंबऱ्यावर उभे राहून ऐकले आहे.

आजचा पाठ दोघांसाठी आहे. झोपण्यापूर्वी घ्यायचे, दारूचा थेंब नसलेले, घरात असलेल्या जिनसांतून होणारे गरम पेय कसे करायचे ते आम्ही सांगणार आहोत. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगायची आहे. रोज पिणाऱ्या माणसाच्या हातातला ग्लास काढून घेऊन त्याच जागी दुधाचा कप ठेवला, तर कधी कधी त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून हा पाठ शेवटपर्यंत वाचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

दारूने झोप येते का?

येते. दारू मेंदू सुस्त करते, म्हणून डोळा लवकर लागतो. पण पुढचे तास पाहा.

१८० मिलीच्या क्वार्टरचे उदाहरण घेऊ. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या दारूच्या बाटलीवर ४२.८ टक्के अल्कोहोल असे छापलेले असते. हिशेब केला तर त्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरते. आपले यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलच निकामी करू शकते. म्हणजे रात्री दहाला संपवलेली क्वार्टर अंगातून उतरायला सहा ते आठ तास लागतात. माणूस झोपलेला दिसतो, पण त्याचे शरीर रात्रभर त्या कामाला जुंपलेले असते.

दारू उतरू लागली की दाबून ठेवलेला मेंदू उलट जास्त जागा होतो. मग रात्री दोन-तीनला जाग येते. घाम सुटतो, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, लघवीला लागते. स्वप्ने पडतात ती झोप कमी होते, म्हणून सकाळी डोके जड राहते आणि माणूस चिडचिडा होतो. दारूने घशाचे स्नायू सैल पडतात, त्यामुळे घोरणे वाढते आणि ज्याला झोपेत श्वास अडण्याचा त्रास आहे त्याचा त्रास आणखी वाढतो.

शिवाय शरीराला सवय होते. काही आठवड्यांनी तेवढ्याने झोप येईनाशी होते आणि माप वाढते. झोपेसाठी सुरू केलेली दारू अशी झोपच खाऊन टाकते, आणि माणसाला वाटते की अजून थोडी घेतली असती तर झोप लागली असती.

पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात नेहमी घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. शील आपल्या जागी आहेच. आम्ही इथे फक्त यकृताचा आणि झोपेचा हिशेब मांडला, आणि तोही तिकडेच जातो.

औषधाच्या बाटलीतली दारू

काही घरांत दारू नसते, पण झोपेसाठी "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" म्हणून अश्वगंधारिष्ट, दशमूलारिष्ट किंवा द्राक्षासव आणले जाते. नावात आसव किंवा अरिष्ट असलेली औषधे आंबवून तयार करतात. आंबवताना त्यात आपोआप अल्कोहोल तयार होते, आणि बाटलीच्या लेबलवर बारीक अक्षरांत तसे छापलेलेही असते. हे प्रमाण साधारण ५ ते १० टक्क्यांपर्यंत असू शकते. वैद्यांनी सांगितलेल्या मापात ते घेणे वेगळे. पण ज्याने दारू सोडली आहे, जो दारू सोडवण्याच्या गोळ्या घेत आहे, किंवा जी बाई गरोदर आहे, त्यांनी स्वतःच्या मनाने ही बाटली उघडू नये.

खोकल्याच्या औषधाचेही तसेच. काही खोकल्याच्या औषधांत गुंगी आणणारे कोडीन असते. झोपेसाठी ते पिण्याची सवय लागली की तेही एक व्यसनच. झोपेच्या गोळ्यांबद्दल तर कायदा स्पष्ट आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. शेजारणीच्या डब्यातली गोळी मागून घेऊ नका. आणि दारूवर झोपेची गोळी कधीच नको. दोन्ही मिळून श्वास मंद करतात, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

तीन पेये

आधी माप ठरवू. इथे कप म्हणजे साधारण २०० मिलीचा. रात्री आपल्याला अर्धाच कप घ्यायचा आहे, म्हणजे १०० मिली. त्याचे कारण पुढे येईल.

पहिले, जायफळाचे दूध. अर्धा कप दुधात दोन-तीन चमचे पाणी घालून उकळी आणा. सहाणेवर थेंबभर दूध टाकून जायफळाचे तीन-चार वेढे उगाळा. सहाण नसेल तर बारीक किसणीवर एकदा-दोनदा फिरवा. राईच्या दोन-तीन दाण्यांएवढे जायफळ पुरे. गॅस बंद करून ते दुधात घाला आणि पाच मिनिटे झाकून ठेवा. गोड हवे असेल तर गूळ दूध उतरवून थोडे निवल्यावर घाला. उकळत्या दुधात गूळ टाकला तर दूध फाटू शकते.

जायफळ जास्त घातले म्हणजे झोप जास्त लागेल असे समजू नका. एका अख्ख्या जायफळाची पूड पोटात गेली तर मळमळ, छातीत धडधड, भ्रम आणि भास होऊ शकतात. गरोदर बाईला आणि लहान मुलांना जायफळ नको, त्यांना साधे कोमट दूध द्या.

दुसरे, गवती चहा, पण चहापत्तीशिवाय. आपण गवती चहा नेहमी चहात टाकतो. इथे चहापत्तीही नको आणि साखरही नको. गवती चहाच्या तीन-चार पाती धुऊन कात्रीने बारीक करा. एक कप पाण्यात त्या आणि अर्धा चमचा बडीशेप टाकून पाणी निम्मे होईपर्यंत मंद आचेवर उकळा. झाकून पाच मिनिटे ठेवा आणि गाळून घ्या. दूध पचत नाही, दूध परवडत नाही किंवा मधुमेह आहे अशांना हे सोयीचे. गवती चहा दारासमोर फुटक्या बादलीत किंवा तेलाच्या डब्यातही वाढतो. एका घराने लावला तर गल्लीला पुरतो. गरोदर बाईने मात्र हा काढा रोज घेऊ नये.

तिसरे, नाचणीची पातळ आंबील. ज्याचे रात्रीचे जेवण कमी झाले आहे आणि जो भुकेने कूस बदलत राहतो, त्याच्यासाठी ही. दोन लहान चमचे नाचणीचे पीठ पाऊण कप थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा. मग गॅसवर ठेवून सतत ढवळत सहा-सात मिनिटे शिजवा. चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. नाचणी नसेल तर ज्वारीचे पीठ चालते. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम. कंबर आणि गुडघे धरणाऱ्या बायांना तोही फायदा.

काही घरांत दुधात खसखस वाटून घालतात. खसखस अफूच्याच बोंडातून येते आणि दाण्यांना अफूचा अंश कमी-जास्त चिकटलेला असू शकतो. व्यसन सोडत असलेल्या माणसाला, गरोदर बाईला आणि मुलांना ती आम्ही देऊ नका असेच सांगतो.

वर्षावासात किंवा पौर्णिमेच्या उपोसथाला जे अष्टशील पाळतात ते दुपारनंतर जेवत नाहीत. दूध आणि आंबील हा आहार झाला. त्या दिवशी बिनदुधाचा, गाळलेला गवती चहा घेता येतो का, ते आपल्या विहारातील भन्तेजींना विचारून घ्या.

या कपात नेमके काय आहे?

आम्ही नर्सिंग शिकलो आहोत, म्हणून खोटी आशा दाखवणार नाही. दुधात ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो आणि त्यापासून शरीर झोपेशी संबंधित रसायने बनवते, हे खरे. पण अर्ध्या कपात तो इतका थोडा असतो की तेवढ्यावर कोणी झोपी जाणार नाही. गवती चहा हे झोपेचे औषध असल्याचे सिद्ध झालेले नाही.

मग उपयोग कशाचा? पेय गरम असते, त्यात दारू नसते आणि चहा-कॉफीतले कॅफिन नसते. ते करायला आणि घोट घोट प्यायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ माणूस एका जागी शांत बसतो. हे रोज त्याच वेळी झाले की शरीर ओळखायला लागते की आता दिवस संपला. लहान बाळाला रोज त्याच वेळी थोपटले की ते थोपटण्यानेच पेंगू लागते. मोठ्या माणसाच्या शरीरालाही असे वळण लागते, पण त्याला एक-दोन रात्री पुरत नाहीत. किमान दोन आठवडे द्या.

आणि कपाआधी जे पोटात जाते तेही पाहावे लागेल. चहातल्या कॅफिनपैकी अर्धे उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातचा चहा रात्री बारालाही अंगात असतो. म्हणून दिवसाचा शेवटचा चहा दुपारी चारला. कोल्ड्रिंकमधल्या कोलातही कॅफिन असते. तंबाखू, खर्रा, विडी आणि मिश्री यांतले निकोटिन मेंदू जागा ठेवते. कितीतरी बाया रात्री भांडी आवरून निवांत मिश्री लावतात आणि मग झोप का येत नाही म्हणून विचारतात. झोपेआधीची ती मिश्री आधी बंद करा. पुढे दिवसाचीही सोडायची आहे, पण सुरुवात रात्रीपासून करा.

कप केव्हा घ्यावा?

झोपण्याच्या एक तास आधी घ्या. उशीर करू नका आणि अर्ध्या कपाहून जास्त घेऊ नका. त्याचे कारण वस्तीतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. संडास गल्लीच्या टोकाला, तिथला दिवा गेलेला, रात्री एकटीने जायची भीती. म्हणून कितीतरी जणी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. त्याने लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो, आणि झोप तर येतच नाही. दिवसभर पाणी नीट प्या, एक तास आधी अर्धा कप घ्या, आणि अंथरुणावर पडण्यापूर्वी कोणाला तरी सोबत घेऊन संडासला जाऊन या. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आढळतो. ज्यांना सिकलसेलचा आजार आहे त्यांनी रात्रीच्या भीतीने पाणी तोडू नये. अंगातले पाणी कमी झाले की त्यांचे दुखणे उसळते. त्यांच्यासाठी घरातच झाकणाच्या भांड्याची सोय करा, त्यात लाज कसली. दारूही अंगातले पाणी कमी करते, हे त्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

आता काही जपण्याच्या गोष्टी.

लोहाची गोळी आणि दूध एकत्र घेऊ नका. दुधाने लोह अंगी लागत नाही. मध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवा. काही अँटिबायोटिक गोळ्यांनाही हेच लागू आहे, म्हणून चिठ्ठी देणाऱ्यांना विचारा.

मधुमेह असेल तर गूळही नको. गूळ साखरेपेक्षा निर्दोष आहे असा समज आहे, पण रक्तातली साखर तोही वाढवतो. नाचणीची आंबीलही जेवणाच्या हिशेबात धरा.

मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात पाण्याचे माप ठरवून दिलेले असेल तर हा अर्धा कप त्यातच मोजा.

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही नको. बाळ रडते म्हणून जायफळाचे वेढे, अफू, खोकल्याचे औषध, हिरड्यांना ब्रँडी, यांतले काहीही देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

दूध किंवा गूळ घेतल्यावर मुलांनी आणि मोठ्यांनी दात घासूनच झोपावे.

जे रात्रपाळी करतात त्यांनी हाच कप सकाळी कामावरून आल्यावर घ्यावा. खिडकीला गडद कापड लावावे, आणि घरच्यांनी तेवढे तास टीव्ही बंद ठेवावा.

रोज पिणारा माणूस घरात असेल तर

आता सर्वात महत्त्वाचे.

जो माणूस अनेक महिने रोज भरपूर पितो, सकाळी ज्याचे हात थरथरतात आणि दारू मिळाल्यावरच थांबतात, त्याची दारू घरात बसून एकदम बंद करू नका. त्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती अचानक तुटली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलटी आणि घबराट सुरू होते, झोप पूर्ण उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काही जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, ताप येतो, दिवस की रात्र ते कळत नाही. यात माणूस दगावू शकतो.

हे भूत नाही, बाहेरची बाधा नाही, कोणाची करणीही नाही. अंगाऱ्यासाठी बुवाकडे नेण्यात गेलेला एक तासही महागात पडतो. १०८ ला फोन करा आणि थेट शासकीय रुग्णालयात न्या. तिथे योग्य औषधे देऊन ही दारू सुरक्षितपणे उतरवता येते. ब-१ म्हणजे थायमिन हे जीवनसत्त्वही दिले जाते. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नुसते ग्लुकोजचे सलाईन लावून घरी आणू नका. "हा रोज पितो आणि अमुक दिवशी शेवटची घेतली" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. इभ्रतीसाठी लपवू नका.

"नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातींची पूडही आणू नका. त्यात काय आहे हे कोणी सांगत नाही. दारूची चीड आणणारे डायसल्फिराम हे औषध डॉक्टर माणसाच्या संमतीने आणि तपासण्या करून देतात. ते भाजीत गुपचूप घातले आणि त्यावर तो प्यायला, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

दारू सोडल्यावर काय होते हेही घरच्यांना माहीत हवे. थरथर काही दिवसांत जाते, पण झोप लगेच परत येत नाही. ती अनेक आठवडे, कधी काही महिनेही विस्कटलेली राहते. बरेच जण इथेच पुन्हा घसरतात. "सोडून बघितली, झोपच येत नाही," असे म्हणून परत गुत्त्याची वाट धरतात. त्याला आणि घरच्यांना आधीच सांगा की ही झोप उशिरा येणार आहे, पण येणार आहे. रात्री आठ-नऊची जी वेळ पूर्वी गुत्त्यावर जायची, त्या वेळेला त्याला घरात काहीतरी करायला हवे. तिथे हा अर्धा कप कामाला येतो. त्याने स्वतः सहाणेवर जायफळ उगाळावे, स्वतः दूध तापवावे, बायको-मुलांनाही एकेक घोट द्यावा. बायकोने त्याच्यासाठी रोज रात्री आणखी एक काम अंगावर घ्यावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्याचा कप त्याने करावा.

मदतीला कोण आहे? व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा शासनाचा विनाशुल्क क्रमांक आहे. मन खचले असेल, झोप उडाली असेल तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा अनेक शहरांत भरतात, त्यांना फी नसते.

पेयाने न जाणारी निद्रानाशाची कारणे

पंधरा दिवस नीट पाळूनही झोप येत नसेल, किंवा पुढचे काही दिसत असेल, तर कप बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास थांबल्यासारखा होणे आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे. आडवे पडले की दम लागणे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रात्री घाम, वजन घटणे, म्हणजे क्षयाची तपासणी हवी. रात्री चार-पाच वेळा लघवी, म्हणजे साखर तपासा. अंथरुणावर पडले की पायांत कसेसेच होणे आणि पाय सतत हलवावेसे वाटणे. आपल्या बायांत रक्त कमी असते, आणि लोह कमी असले की असे होऊ शकते. चाळिशी-पन्नाशीत पाळी जाताना अंगातून वाफा निघून जाग येणे, त्यावरही उपाय आहेत.

रोज पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, कशातच मन न लागणे, जगणे नकोसे वाटणे, असे दोन आठवडे चालले तर ते नैराश्य असू शकते. कर्ज, कामावरून काढून टाकणे, घरातली मारहाण, कामाच्या जागी जातीवरून झालेला अपमान, ही दुखणी दुधात विरघळत नाहीत. पण त्यांबद्दल बोलता येते आणि त्यांवर लढताही येते. मन दुखते म्हणून डॉक्टरकडे जाणे हा वेडेपणा नाही.

झोप ही घराने मिळून सांभाळायची

प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. शाळा-कॉलेजातल्या मुलांना आठ ते दहा तास. वस्तीत हे अवघड आहे हे आम्ही जाणतो. तापलेला पत्रा, डास, एका खोलीत सहा माणसे. तरी काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

नळाला पाणी पहाटे चारला येते आणि रोज तीच बाई उठते. पाणी भरायच्या पाळ्या लावा. नवऱ्याची एक, मोठ्या मुलाची एक, तिची एक. एवढ्यानेही तिला आठवड्यात चार-पाच रात्री पुऱ्या मिळतील. रात्री कप घेताना घरातले सगळे मोबाइल एका टोपलीत जाऊ द्या. मच्छरदाणी बांधा. दहा मिनिटे मांडी घालून किंवा पडून आनापान करा, श्वास येतो-जातो एवढेच पाहा. वीसएक मिनिटे झोप आली नाही तर कूस बदलत पडून राहू नका. उठून बसा, डोळे जड झाले की परत पडा. घड्याळ पाहू नका.

लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाजवता येत नाही, असे ध्वनिप्रदूषण नियम २००० सांगतो. ठराविक दिवशी राज्य शासन बारापर्यंत सूट देते, तेवढाच अपवाद. हा नियम दुसऱ्याच्या मांडवाला जसा आहे तसाच आपल्या मंडळालाही आहे. शेजारी कोणाचे बाळ, कोणाची आजारी सासू आणि उद्या परीक्षा असलेले पोर झोपलेले असते.

शेवटी एक काम देतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर १४ दिवस रोज चार गोष्टी लिहा: शेवटचा चहा किती वाजता घेतला, कप किती वाजता घेतला, झोप साधारण कधी लागली, रात्री किती वेळा जाग आली. ज्या दिवशी दारू, तंबाखू किंवा मिश्री झाली त्या तारखेला फुली मारा. १४ दिवसांनी फुल्या आणि जागरणे शेजारी शेजारी पाहा. काय सोडायचे ते तुमच्याच हाताने लिहिलेले दिसेल. आणि दवाखान्यात जायची वेळ आली तर ते पान फाडून सोबत न्या. डॉक्टरला दोन मिनिटांत सगळे कळेल.

जयभीम!